अंगाचा रंग

आमच्या दुकानात पोस्टर रंगाच्या सुट्या बाटल्या मिळतात. लाल, पिवळा, निळा, हिरवा, आणि त्याच ओळीत एक फिकट गुलाबी बाटली असते. तिला पोरं आणि पोरांचे आईबाप ‘अंगाचा रंग’ म्हणतात. ‘काकू, एक अंगाचा रंग द्या.’ मी देते. लग्न होऊन भोरला आले तेव्हापासून देतेय. ते अंग कुणाचं, असं मी कधी कुणाला विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून अर्धा तालुका जातो, त्यात त्या बाटलीसारखं दिसणारं माणूस मला अजून भेटायचंय. सोललेल्या बटाट्याला ताप आला तर तो तसा दिसेल. पण शाळेच्या भिंतीवरचा राजा त्या रंगाचा, त्याचे मावळे त्या रंगाचे, आणि दिवसभर उन्हात नांगर धरून उभा असलेला शेतकरीसुद्धा त्याच रंगाचा.

आमच्या मालकांचं हे रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. दुपारी ते जेवायला जातात तेव्हा गल्ल्यावर मी असते. रंग कालवायचं मशीन आहे, त्यात आकडा घातला की हवी ती छटा डब्यात पडते. त्यामुळे रंग विकायला रंग कळावा लागत नाही. लोक शेड कार्ड घेऊन बसतात आणि पांढऱ्या पांढऱ्यातला फरक बघत अर्धा दिवस घालवतात. हा जरा दुधाळ वाटतो, हा जरा साईसारखा वाटतो, बायकोला विचारून येतो. भिंतीसाठी एवढा विचार. माणसाचा रंग मात्र एका शब्दात उरकतात. गोरी. सावळी. काळी. संपलं शेड कार्ड.

माझी आई तिसऱ्या रकान्यातली. मी पहिल्या. हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं असावं, इतकं ते मी ऐकलंय. ‘पोरगी आईवर गेली न्हाई, नशीब काढलं.’ हे आईसमोर म्हणायचे, आणि आई मान हलवायची.

आई राहते गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर. चार घरं, शेरडं, दोन म्हशी. धाकटा भाऊ शिरवळला कंपनीत असतो, सुट्टीला वर जातो. मागच्या दिवाळीनंतर आईला खोकला धरला तसा त्याने तिच्या फोटोची तयारी केली. आमच्याकडे हे असंच असतं. म्हातारं माणूस जरा झुकायला लागलं की चांगला फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर धावपळ होत नाही. दहाव्याला तोच पुढ्यात ठेवायचा, तोच फ्लेक्सवर टाकायचा, तोच जन्मभर भिंतीवर. म्हाताऱ्या माणसांनाही यात काही वावगं वाटत नाही. उलट विचारतात, ‘माजा काडला का रं?’

भावाने नसरापूरला फोटो करायला दिला. तिथल्या चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात ते एकदा उभं राहून बघावेत. मेलेली सगळी माणसं एकाच आईची लेकरं वाटतात. उन्हात जन्म काढलेली, करपलेली, रापलेली माणसं मेल्याबरोबर गुलाबी होतात. जिवंतपणी कुणी त्यांना इतकं उजळ बघितलेलं नसतं.

तर आईची फ्रेम आली. आईचं डोकं, खाली कुणाचे तरी खांदे, त्यावर मोरपंखी जरीचं लुगडं, मागे बर्फाचे डोंगर. आणि तोंड? बाटलीतलं. मी त्या दिवशी वर गेले होते. भावाने फ्रेम आईच्या मांडीवर ठेवली आणि पाया पडल्यासारखा समोर बसला.

आईने पदराने काच पुसली. मग विचारलं, “कुनाची सासू रं ही?”

“आये, तूच की ती!”

“म्या?” तिने फ्रेम लांब धरली, मग जवळ. “लुगडं ब्येस हाय.”

“आन तोंड?” मी विचारलं.

“तोंड कुनाचं हाय कुनास ठाव. बाई चांगल्या घरची दिसती.” मग फ्रेम पुन्हा मांडीवर ठेवून भावाला म्हणाली, “म्हंजी म्या मेल्यावर हिला पुजनार व्हय तुमी? आन म्या कुठं जाऊ?”

भाऊ हसला. मला हसू आलं नाही. आई म्हणाली, “म्या जित्ती हाय तवर माजा फटू मला दावा. माजा. मंग काय खुशाल मरंन.”

मी म्हणाले, “मी काढते. रंगवून काढते.”

“तू?” भाऊ म्हणाला. “ताई, तू दुकानात डबं इकतीस. चितारीन कवापास्नं झालीस?”

चितारीण नव्हतेच. शाळेत असताना बरी चित्रं काढायची, तेवढ्यावर उडी मारली. पण त्याच्या हसण्याने मला पेटवलं, असं मी भोरला येईपर्यंत स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. खरं कारण पुढे सांगते. ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय, नाहीतर चित्र शिकल्याचं कौतुक सांगायला मला वेळ नाही.

भोरमध्ये एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर बायकांचा चित्रकलेचा वर्ग घेतात. रंग आमच्याकडूनच नेतात. मी नाव घातलं. वर्ग म्हणजे काय, दुपारची भांडी आटपून आलेल्या आम्ही बायका आणि एकीचा दुसरीवर डोळा. कुणी गणपती, कुणी राधा-कृष्ण, कुणी सूर्यास्तात बुडणारं जहाज. भोरपासून समुद्र कुठल्या कुठे, पण जहाज सगळ्यांना यायला हवं. मास्तर भिंतीवर रंगचक्राचा तक्ता लावून छडीने दाखवायचे. लाल, पिवळा, निळा, हे तिघे कशातून होत नाहीत. बाकी सगळे यांच्यातून होतात. आम्ही लाल-पिवळा कालवून नारिंगी केला, पिवळा-निळा कालवून हिरवा केला आणि एकमेकींना दाखवला, जणू आम्हीच लावला शोध. मशीनच्या जिवावर इतकी वर्षं रंग विकणारी मी, मला हेही नीट माहीत नव्हतं.

माणसाचा चेहरा आला तेव्हा मास्तरांनी कृती सांगितली, अगदी शिऱ्याची सांगावी तशी. भरपूर पांढरा, त्यात पिवळा, चिमूटभर लाल.

मी म्हणाले, “सर, माझी आई अशी नाही.”

“कशी आहे?”

“काळी आहे.”

हॉलमधल्या सगळ्या बायकांचे ब्रश थांबले. मी शिवी दिली असती तरी थांबले नसते. शेजारची बाई हळूच म्हणाली, “अहो ताई, सावळी म्हणा. आई आहे तुमची.”

“मग त्यात थोडा काळा घाला,” मास्तर म्हणाले आणि पुढच्या बाईकडे गेले.

मी काळा घातला. आई हिरवी झाली. पिवळ्यात काळा पडला की तो शेवाळी होतो, हे मास्तरांना माहीत असणार, पण काळ्या आईची कृती त्यांना आजवर कुणी विचारलीच नसेल. आईचं तोंड पाण्याच्या टाकीसारखं झालं. जहाजवाली बाई माझ्या कागदावर वाकून म्हणाली, “उजळच करून टाका हो. आईला बरंच वाटेल.” तिच्या आवाजात दया होती. दया करणाऱ्या बायकांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे, कारण मीही त्यातलीच.

मास्तरांवर फार तोंडसुख घेणार नाही. पुढच्या दोन गोष्टी त्यांनीच शिकवल्या. एक, चक्रात समोरासमोर बसलेले रंग एकमेकांना विझवतात. नारिंगीत निळा घालत गेलं की तो तपकिरी होतो, आणि त्या तपकिरीत जीव असतो. काळा घालून केलेला तपकिरी मेलेला असतो. दुसरी गोष्ट, त्यांनी एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन कापले, एक पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला, एक काळ्या. पांढऱ्यावरचा गडद दिसला, काळ्यावरचा उजळ. “रंग एकटा कधीच नसतो. शेजार बघून तो दिसतो,” मास्तर म्हणाले. बायकांनी ‘अय्या’ केलं. मी मनात म्हटलं, जादूचे खेळ दाखवतायत. आणि वहीचं पान उलटलं.

रोज दुपारी गल्ल्यावर बसून मी नारिंगीत निळा घालत राहिले. मालक म्हणायचे, “गिऱ्हाईक तुझ्या ताटलीत काय बघतं माहितीये? त्यांना वाटतं आमटी आहे.” मी आणखी निळा घालायची. अजून गडद. वर्गासाठी घेतलेले ॲक्रिलिक रंग सुकल्यावर आणखी एक पायरी खाली उतरतात, तेही मला चालत होतं. मला आई गडदच हवी होती.

आता ते कारण.

मला बघायला आले तेव्हा कार्यक्रम मार्गासनीला चुलत्याच्या घरी ठेवला होता. वर वाड्यापर्यंत गाडी जात नव्हती, हे सांगायचं कारण. माझी चुलती गोरी. सकाळी आई शेरडं शेजारणीकडे सोपवून, नवं लुगडं नेसून, डोंगर उतरून आली होती. पाहुण्यांची जीप दारात लागली तेव्हा ती बाहेर यायला निघाली, आणि मी तिला चुलीपाशी अडवलं. म्हणाले, “आये, तू आत थांब. चहा काकू नेतील.” मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चुलत्याने नाही, चुलतीने नाही. घरातली सगळी माणसं एवढी वर्षं जे बोलत होती ते मी एका वाक्यात करून दाखवलं. आई म्हणाली, “बरं.” आणि पाटावर बसली. पाहुणे चहा पिऊन गेले, जाताना म्हणाले, मुलगी काकीवर गेलीये. चुलती आमच्या घरात लग्न करून आलेली! तिचं-माझं रक्ताचं नातं नाही, पण रंग जुळला तेवढ्यावर ती माझी आई झाली. लग्नात खरी आई दिसलीच सगळ्यांना, पण तोवर सुपारी फुटली होती.

आईने हे कधी काढलं नाही. मी तर नाहीच. माझ्या सासरी आई आली की मी तिला सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसवायची, मुद्दाम, दिवा पेटवून ठेवावा तशी. याला मी प्रेम समजत होते.

म्हणून मला चित्रात आई काळी हवी होती. भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, न लपवता. भावाने पांढरी केली ना, आता बघा. गडद तपकिरी तोंड, मागे उठाव यावा म्हणून स्वच्छ पांढरी भिंत, हनुवटीवरचं गोंदण हिरव्या ठिपक्यांनी. आई मला तोंडपाठ आहे असं वाटत होतं, म्हणून तिला समोर बसवायचं मनातही आलं नाही. नाक-डोळ्यांसाठी मोबाईलमधला एक फोटो पुरला. वर्गात चित्र उभं केलं तेव्हा मास्तर म्हणाले, “धाडसी आहे.” जहाजवाली काहीच बोलली नाही. मी दोन दिवस हवेत होते.

मग एसटीने चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची गाडी, मार्गासनीहून गुंजवण्यापर्यंत टेम्पो, आणि पुढे चित्र चादरीत गुंडाळून डोक्यावर घेऊन वर चढले. रंगांची पिशवीही नेली होती, सही ठोकायची राहिली होती म्हणून. एवढा माज.

आई अंगणात शेरडांना पाला टाकत होती. मी चित्र दाराला टेकवून उभं केलं आणि बाजूला झाले. आई हात पुसत आली, उकिडवी बसली, आणि बघत राहिली. खूप वेळ. मला वाटलं, आता रडेल. मी रडायच्या तयारीत होतेच.

“एवडी काळी हाय व्हय म्या?” तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. किती दिवस घोटलेलं. मी खाली बसून तिचा हात धरला आणि म्हणाले, “आये, काळं असण्यात वाईट काय आहे? लोकांनी तुला उगाच—”

“वाईट कोन म्हनतंय?” तिने हात सोडवून घेतला. “म्या इचारलं, एवडी हाय का?”

मी चित्राकडे बघितलं.

“आन ही भित कुनाची? धा जनम म्या शेनानं सारवलेल्या भितीला बसती. ही पांडरी कुनाच्या घरातली?” मग तिने आपला हात पुढे करून चित्रातल्या गालाशी लावला, दुकानात बाया ब्लाऊजपीस लुगड्याशी लावून बघतात तसा. “बग. जुळतंय?”

जुळत नव्हतं. जवळपासही नव्हतं. चित्रातला गाल तव्याच्या बुडासारखा होता. आणि हात उन्हात होता, त्यावर किती काय काय होतं. मनगटाशी भाजलेल्या विटेचा, वर कोपराकडे गुळाचा, बांगडीखाली लपलेल्या पट्टीवर जवळजवळ गव्हाचा. काळा कुठेच नव्हता. मी शोधला, खरंच शोधला. मला मास्तरांचे राखाडी चौकोन आठवले, ज्यांना मी जादूचे खेळ म्हणाले होते. जन्मभर आईला मी चुलतीच्या शेजारी ठेवून बघितलं, माझ्या शेजारी ठेवून बघितलं, आणि चित्रातही मागे पांढरी भिंत घातली. उठाव यावा म्हणून! भावाने तिला न बघता पांढरी केली, मी न बघता काळी. त्याने निदान फोटोवाल्याला पैसे देऊन करून घेतली. मी तीन महिने शिकून, स्वतःच्या हाताने केली, आणि वर धाडसी म्हणवून घेतलं.

“पुसतंय का ह्ये?” आईने विचारलं.

“पुसत नाही. वरून लावता येतं.”

“मंग लाव की. रंग आनल्यात न्हवं?” ती उठली, अंगावरचा पाला झाडला आणि थांबली. माझ्याकडे बघून, चेहऱ्यावर काहीही न आणता, म्हणाली, “भाईर बसू, का आत थांबू?”

सव्वीस वर्षांत एकदाही न काढलेली गोष्ट तिने इतक्या सहज काढली, शेरडाला हुसकावं तशी. मला वाटलं डोंगर उतरून पळावं.

“बाहेर बस,” मी म्हणाले. “उजेडात.”

ती सारवलेल्या भिंतीला टेकून बसली. मी ताटलीत नारिंगी घेतला, निळा घेतला, आणि या वेळी निळ्याला हात आवरून. काडीवर रंग लावायचा, तिच्या गालाजवळ न्यायचा, बघायचं, परत यायचं. पिवळा कमी. लाल हवा. आता फारच विटकरी झाला. शेजारची आजी कुंपणावरून म्हणाली, “काय गं, आईला हळद लावतीस का काय?” आई म्हणाली, “व्हय, दुसरेपनी उजवतीय मला. नवरा बग कुठं मिळतोय का.” आणि दोघी इतक्या हसल्या की तो गाल माझ्यासमोर पाच रंगांचा झाला.

तिचं हसू ओसरलं तसं मी म्हणाले. ब्रश हातात होता, डोळे ताटलीत होते, तरी म्हणाले. “आये, मार्गासनीला तुला आत थांब म्हणाले ते मी स्वतःहून म्हणाले होते. काकूंनी नव्हतं सांगितलं. मला तुझी लाज वाटली होती.”

“ठाव हाय,” आई म्हणाली. “मान हालवू का नको, त्ये सांग.”

“नको हलवू.”

तिने मान हलवली नाही. मी इतका जड दगड उचलून तिच्या पुढ्यात आणून ठेवला होता, आणि तिने तो केव्हाच बघून ठेवलेला होता. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि मी ते विचारलंही नाही. ते विचारणं म्हणजे पुन्हा तिलाच कामाला लावणं. मी बघत राहिले. कपाळ गालापेक्षा गडद, पदराच्या सावलीत निळसर, नाकाच्या शेंड्यावर तांबूस. गोंदण हिरवं नव्हतंच. आतून येणारं, धुरकट निळं होतं. बघता बघता डोंगराची सावली अंगणात आली आणि सगळेच रंग बदलले. खाली जाणारा शेवटचा टेम्पो गाठायचा होता. एवढ्या वेळात माझ्याकडून तिचा एकच गाल झाला होता, डावा.

आईने फळीवरचा छोटा आरसा आणला. एकदा आरशात बघितलं, एकदा चित्रात, मग परत आरशात.

“ह्यो गाल माजा,” तिने बोट लावलं. रंग ओला होता, तिच्या बोटाला लागला, आणि बोटावर दिसेनासा झाला.

“आणि बाकीची?”

“बाकीची तुजी. घिऊन जा न्हाईतर हितं ठिव, माजं काय न्हाई. पर पुरं केल्याबिगर भितीला लावू नगंस.”

मी चित्र तिथेच ठेवलं, कणगीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. भावाची फ्रेमही तिथेच होती, लुगड्यासाठी जपून ठेवलेली. उतरताना वरून आईचा खोकला ऐकू येत होता. आज बरा होता, की मीच तसं ऐकत होते, सांगता येत नाही. टेम्पोत बसल्यावर भावाचा फोन आला. त्याने विचारलं, झाला का फोटो? मी म्हणाले, एक गाल झालाय. तो हसला. त्याला हसू दिलं.